महर्षी कर्वे ह्यांची कॉलेजची वाट

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे आमच्या मलाजखंडातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : मुलामुलींनी आता पुढे काय शिकावे व कोठे शिकावे? तांब्याच्या खाणीमुळे ह्या गावी अनेक प्रांतांतून कुटुंबे येऊन राहिली. पण उच्च शिक्षणासाठी येथील अनेक मुलांना बालाघाट, गोंदिया, जबलपूर किंवा नागपूर गाठावे लागते. विषय कोणता घ्यावा, खर्च कसा भागवावा, मराठीतून शिकलेल्याचा परभाषेत निभाव कसा लागावा, ह्या प्रश्नांनी मुले आणि पालक दोघेही गांगरून जातात. विद्यार्थिमित्रहो, हे सारे प्रश्न एका मोठ्या पुरुषापुढेही उभे राहिले होते. स्त्रीशिक्षणाचे कार्य करणारे महर्षी म्हणून धोंडो केशव कर्वे ह्यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे. परंतु ते कॉलेजात कसे पोहोचले, ही हकिकत तुमच्या आजच्या वयाला अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

कर्वे ह्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी, आजोळी झाला. त्यांचे बालपण दापोलीजवळ समुद्रकाठच्या मुरूड गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. त्या काळी मराठी सहावीची सार्वजनिक परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे. ह्या परीक्षेसाठी धोंडू आपल्या काही सोबत्यांसह साताऱ्यास निघाला. वय सतराच्या सुमारास, दिवस पावसाचे, मध्ये सह्याद्रीचे डोंगर आणि अंतर सुमारे 110 मैल, म्हणजे जवळजवळ 175 किलोमीटर. हे सारे अंतर ही मुले पायी चालून गेली. परंतु साताऱ्यास पोहोचल्यावर निराळेच संकट उभे राहिले. परीक्षेस बसण्यास वयाची सतरा वर्षे पुरी असणे आवश्यक होते आणि हा किरकोळ अंगाचा मुलगा तेवढा दिसेना. परीक्षकांनी त्यास बसू दिले नाही. आल्या वाटेने परत जाण्यावाचून त्यास गत्यंतर उरले नाही.

एवढ्या कष्टांनंतर असा नकार मिळाला असता पुष्कळांनी पुस्तके गुंडाळून ठेवली असती. कर्वे ह्यांनी तसे केले नाही. पुढील वर्षी कोल्हापूर येथे जाऊन ते त्याच परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झाले. एक वर्ष गेले खरे. पण त्या वर्षाने त्यांचे शिक्षण थांबविले नाही.

ह्यानंतर ते इंग्रजी शिकू लागले. शिक्षणासाठी ते रत्नागिरीस गेले, तेव्हा प्रकृतीने दगा दिला व त्यांना मुरूडास परतावे लागले. पुढे ते मुंबईस आले आणि तेथील रॉबर्ट मनी शाळेतून 1881 साली मॅट्रिक झाले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते, विवाहही होऊन गेला होता. आज आपल्या वर्गातील एखादा मुलगा एका वर्षाने मागे पडला की घरात सुतक आल्यासारखे वाटते. अशा घरांनी हा तेविसाव्या वर्षीचा मॅट्रिक आठवावा.

मॅट्रिक झाल्यावर कर्वे ह्यांनी प्रथम विल्सन कॉलेजात प्रवेश घेतला व नंतर ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. विषय निवडताना त्यांनी गणित घेतले, कारण त्यात त्यांची बुद्धी चालत असे. शिकवण्या करून ते आपला खर्च भागवीत. 1884 साली ते पदवीधर झाले. काही काळ मुंबईच्या शाळांतून अध्यापन केल्यावर 1891 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांना पाचारण करण्यात आले. ह्या निमंत्रणामागे गोपाळ कृष्ण गोखले होते. साताऱ्याच्या परीक्षेतून परत फिरलेला मुलगा कॉलेजात स्वतः शिकवू लागला आणि 1914 पर्यंत त्याने ते काम केले.

त्याच 1891 साली त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. 1893 साली कर्वे ह्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या होत्या. ह्या विवाहामुळे मुरूडकरांनी कर्वे ह्यांना वाळीत टाकले. परंतु त्यांनी कोणाविषयी कटुता बाळगली नाही. 1896 साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे पुण्याजवळ हिंगणे येथे 1900 साली त्याचे काम एका झोपडीत सुरू झाले. कॉलेजातील अध्यापन आटोपून ते पायी हिंगण्यास जात. साताऱ्याच्या वाटेवर कमावलेले पाय येथेही उपयोगी पडले, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

1907 साली त्यांनी महिला विद्यालय काढले. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि 1916 साली भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ 15 लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, म्हणून ते आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ह्या नावाने ओळखले जाते. ह्या विद्यापीठाचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचे कर्वे ह्यांनी ठरविले होते. इंग्रजी मात्र विषय म्हणून ठेविली होती. स्वतः मराठीतून आरंभ करून उशिरा इंग्रजी शिकलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष होय. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशेचौथ्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता ह्या चरित्राकडे कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहू. पहिली गोष्ट तयारीची. साताऱ्याहून कर्वे परतले ते अभ्यास कच्चा होता म्हणून नव्हे. म्हणून तुम्ही अभ्यासाइतकेच लक्ष नियमांकडे द्यावे. वयाचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, प्रवेशपरीक्षेच्या तारखा आणि शिष्यवृत्तीच्या अटी ह्यांची चौकशी परीक्षेच्या आधीच करून ठेवावी. दुसरी गोष्ट विषयाची. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य किंवा कला निवडताना शेजारच्या मुलाने काय घेतले हे पाहू नये. आपली बुद्धी कोठे चालते हे पाहावे. तिसरी गोष्ट भाषेची. आम्ही घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो आणि बाजारात हिंदी वापरतो. तेव्हा एक भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने येते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. मराठीतून शिकलो म्हणून कॉलेजात मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र इंग्रजीचा अभ्यास आजपासूनच रोज करावयास हवा.

चौथी गोष्ट आम्ही पालकांना सांगू इच्छितो. मुलाला नागपूरला धाडण्यासाठी जे घर कर्ज काढावयास तयार असते, तेच घर मुलीच्या बाबतीत बारावी पुरे झाली असे म्हणते. हे आम्ही आमच्या वर्गात प्रत्यक्ष पाहतो, आणि पुढल्या वर्षी त्या रिकाम्या बाकाकडे पाहवत नाही. एका गणिताच्या अध्यापकाने आपले सारे आयुष्य ज्या दारासाठी वेचले, ते दार आता उघडे आहे. मुलगी त्या दारापर्यंत चालून जाण्यास तयार असेल, तर तिला घरातूनच परत फिरविणारे परीक्षक आपण होऊ नये.