परवाना आणि पामर

आडनाव पामर असले तरी दैन्य डॅनियल डेव्हिड पामर यांच्या स्वभावात मुळीच नव्हते. १८४५ साली कॅनडात जन्मलेले हे गृहस्थ विशीत अमेरिकेत आले. शिक्षकी, मधमाशीपालन, दुकानदारी करून ते चुंबकीय उपचारांकडे वळले आणि आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट शहरी स्थिरावले.

१८९५ साली हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका आपण हाताने जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामर यांचा दावा होता. वैद्यकशास्त्राला तो पटलेला नाही. तरीही त्यातूनच कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती उभी राहिली; दोन वर्षांत तिचे विद्यालयही निघाले.

परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली पामर दोषी ठरले. आपण औषध देत नाही, शस्त्र चालवत नाही, मग ही वैद्यकी कशी, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही. दंड नाकारून त्यांनी तुरुंग पत्करला. काही दिवसांतच मात्र दंड भरून ते सुटले. विद्यालय मुलाच्या, बी. जे. पामर यांच्या, हाती गेले आणि पितापुत्रांत कायमचे बिनसले. कायद्यापासून संरक्षण मिळावे म्हणून या पद्धतीला धर्म ठरवण्याचा विचारही पामर यांनी पुढे केला. रुग्णाच्या दृष्टीने ही पळवाट धोक्याचीच होती.

१९१३ साली कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांना परवाना देणारा पहिला कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉस एंजेलिस येथे पामर निवर्तले. अखेरचे राज्य लुइझियाना. तिथे असा कायदा व्हायला १९७४ साल उजाडले.