ड्यूई बाल्फा

ड्यूई बाल्फा (२० मार्च, १९२७ – १७ जून, १९९२) हे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील केजन लोकसंगीताचे नामवंत फिडलवादक, गायक आणि लोकसंस्कृतीचे प्रचारक होते. केजन लोकांची फ्रेंच बोली, त्यांचे संगीत आणि घरगुती मेळावे ही मागासलेपणाची खूण मानली जात होती, त्या काळात बाल्फा यांनी या परंपरेला प्रथम प्रदेशाबाहेर आणि नंतर तिच्या स्वतःच्या माणसांत मान मिळवून दिला. भाऊ विल, रॉडनी आणि हॅरी यांच्यासह त्यांनी चालवलेला 'बाल्फा ब्रदर्स' हा संच जगभर प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' देण्यात आली. या सन्मानाचे ते पहिलेच वर्ष होते.

पार्श्वभूमी

केजन लोकांचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्समधून येऊन आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरात स्थायिक झाले होते. त्या प्रदेशाला तेव्हा अकेडिया म्हणत. १७५५ पासून ब्रिटिशांनी या लोकांना तेथून हुसकावून लावले आणि अनेक कुटुंबांची ताटातूट झाली. पुढे त्यांच्यापैकी बरेच जण लुईझियानाच्या दक्षिण भागात वसले. 'अकेडियन' या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'केजन' हे नाव रूढ झाले.

या भागात आफ्रिकी वंशाचे क्रिओल लोक, मूलनिवासी अमेरिकी, स्पॅनिश आणि जर्मन वसाहतकार यांच्याशी झालेल्या संबंधांतून केजन संस्कृती घडली. तिचा स्वयंपाक हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. गंबो हा रस्सेदार पदार्थ पीठ चरबीत किंवा तेलात खरपूस परतून, त्यात कोंबडी, सॉसेज अथवा कोळंबी घालून शिजवतात आणि भाताबरोबर खातात. त्याचे नाव पश्चिम आफ्रिकेतील भेंडीवाचक शब्दावरून आले असून त्यात अनेकदा भेंडी घालतात. रस्सा दाट करण्यासाठी वापरली जाणारी ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड ही मूलनिवासींची देणगी आहे. संगीतातही असेच मिश्रण झाले. फ्रेंच गाणी, क्रिओल वादकांची लय आणि जर्मनीतून आलेले अ‍ॅकॉर्डियन यांतून केजन संगीताचा आजचा बाज तयार झाला.

१९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या सार्वजनिक शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. आपली भाषा लज्जास्पद आहे, ही भावना त्या पिढीच्या मनात खोल रुजली. पुढे आईवडील झालेल्या या मुलांपैकी अनेकांनी आपल्या अपत्यांशी फ्रेंच बोलणेच सोडून दिले.

बालपण आणि संस्कार

ड्यूई बाल्फा यांचा जन्म इव्हँजेलिन परगण्यातील मामू या गावाजवळ एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडील चार्ल्स बाल्फा बटाईने शेती करीत आणि फिडल वाजवीत. फिडलवादन त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. घरात फ्रेंच बोलली जाई. स्वरलेखन किंवा औपचारिक शिक्षण यांचा प्रश्नच नव्हता. वडीलधाऱ्यांचे ऐकून, त्यांच्या हाताच्या हालचाली पाहून मुले वाजवायला शिकत.

त्या काळी गावातील संगीत प्रामुख्याने घरगुती नृत्यांत ऐकू येई. शनिवारी रात्री एखाद्या घरातील सामान बाहेर काढून खोली मोकळी केली जाई आणि शेजारीपाजारी नाचायला जमत. लहान मुलांना आतल्या खोलीत निजवून मोठी माणसे नाचत. हिवाळ्यात डुक्कर कापण्याचा सामुदायिक दिवस असे. शीतकपाट नसल्याने शेजारी आळीपाळीने जनावर कापून मांस वाटून घेत. त्याच दिवशी बूदँ हे भात आणि मांस भरलेले सॉसेज तयार होई, चरबी तळून कुरकुरीत तुकडे काढले जात. काम, जेवण आणि संगीत या वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे तेथे कोणी मानत नसे. बाल्फा यांच्या पुढील कार्याचा पाया या अनुभवात होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाल्फा यांनी टेक्सासमधील ऑरेंज येथे जहाजबांधणीच्या कारखान्यात काम केले. युद्धानंतर गावी परतून ते भावांबरोबर नृत्यगृहांत वाजवू लागले. १९५१ च्या सुमारास भावंडांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. संगीतावर घर चालत नसल्याने त्यांनी शेती केली, विमा विकला, शाळेची बस चालवली आणि पुढे बसील या गावी फर्निचरचे दुकान काढले.

न्यूपोर्ट, १९६४

१९५० च्या दशकात कंट्री संगीत आणि रॉक अँड रोल यांचा प्रभाव वाढला आणि जुने फ्रेंच संगीत तरुणांना नकोसे झाले. त्याच सुमारास संशोधक राल्फ रिन्झलर न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवासाठी पारंपरिक कलावंतांचा शोध घेत लुईझियानात फिरत होते. ऱ्होड आयलंड राज्यात होणाऱ्या १९६४ च्या महोत्सवासाठी अ‍ॅकॉर्डियनवादक ग्लेडियस तिबोदो आणि फिडलवादक लुई 'व्हिनेस' लजून यांची निवड झाली. गिटारवादकाची जागा ऐनवेळी रिकामी झाल्याने बाल्फा यांना नेण्यात आले.

ही बातमी कळल्यावर स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाने या निवडीची टर उडवली. असले संगीत बाहेर दाखवून प्रदेशाचे हसे होईल, असा त्याचा सूर होता. त्यापूर्वी बाल्फा यांनी दोनेकशे माणसांहून मोठ्या जमावासमोर कधी वाजवले नव्हते. न्यूपोर्टला सुमारे १७,००० श्रोते होते आणि त्यांनी उभे राहून या कलावंतांचा गौरव केला.

हा प्रसंग बाल्फा यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. घरी ज्याची चेष्टा होते त्याला बाहेर इतका मान मिळतो, हे पाहून त्यांनी स्वतःवर एक जबाबदारी घेतली. त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी लुईझियानात पोहोचवायचा, हेच त्यांचे ध्येय बनले. दूरच्या प्रेक्षकांच्या कौतुकावर परंपरा जगत नाही, ती आपल्या गावातील मुलांना हवीशी वाटली तरच टिकते, हे त्यांनी ओळखले होते.

बाल्फा ब्रदर्स

गावी परतल्यावर बाल्फा यांनी व्हिल प्लॅट येथील ध्वनिमुद्रिका निर्माते फ्लॉइड स्वॉलो यांची भेट घेतली. जुन्या धाटणीच्या संगीताला गिऱ्हाईक मिळेल की नाही, याबद्दल निर्माते प्रथम साशंक होते. बाल्फा यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर बाल्फा बंधूंच्या मुद्रिका निघाल्या आणि त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. ड्यूई मुख्य फिडल वाजवीत, थोरले विल दुसऱ्या फिडलवर खालच्या स्वरांत साथ देत आणि रॉडनी गिटार वाजवून गात. हॅडली फाँतनो यांचे अ‍ॅकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण यांची जोड असे. दोन फिडलांची ही जुनी रीत त्यांच्यामुळे नव्याने लोकांसमोर आली. मार्दी ग्रा सणाचे पारंपरिक गीत 'ला दान्स दे मार्दी ग्रा' त्यांच्या आवाजात विशेष गाजले.

हे गीत ज्या प्रथेचे आहे ती मामूच्या परिसरात पाळली जाते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशी मुखवटे आणि रंगीबेरंगी कपडे घातलेले लोक घोड्यांवरून किंवा गाड्यांतून घरोघरी जातात, गाणी म्हणून दान मागतात आणि मोकळी सोडलेली कोंबडी धावत पकडतात. जमलेल्या शिध्याचा संध्याकाळी सर्वांसाठी गंबो होतो.

१९६७ मध्ये बाल्फा बंधू न्यूपोर्टला गेले आणि त्यानंतर अमेरिकेत व परदेशात त्यांचे अनेक दौरे झाले. लेस ब्लँक यांच्या 'स्पेंड इट ऑल' (१९७१) या केजन जीवनावरील माहितीपटात त्यांचे संगीत, सामूहिक जेवणे आणि रोजचे जगणे एकत्र दिसते. अ‍ॅकॉर्डियनवादक नेथन अ‍ॅबशायर यांच्याबरोबरही त्यांनी दीर्घकाळ वादन केले. क्रिओल संगीतकार बोआ सेक आर्दवाँ यांच्याबरोबरही त्यांनी वाजवले. केजन आणि क्रिओल संगीत एकाच मातीतले आहे, हे त्यांच्या कामातून दिसून येते.

घरच्या मातीत मान्यता

न्यूपोर्टच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९६० च्या दशकात दक्षिण लुईझियानातील स्थानिक जत्रांत पारंपरिक संगीताच्या स्पर्धा सुरू झाल्या. क्राउलीचा तांदूळ महोत्सव, ओपेलूसासचा रताळ्यांचा उत्सव आणि अ‍ॅबेव्हिलचा दुग्ध महोत्सव यांचा त्यांत समावेश होता. जेथे लोक आपल्या पिकाचा अभिमान बाळगत, तेथेच आपल्या गाण्याचाही बाळगू लागावेत, अशी त्यामागे दृष्टी होती.

१९६८ मध्ये राज्याने फ्रेंच भाषेच्या विकासासाठी 'कोडोफिल' ही संस्था स्थापन केली. तिचे नेतृत्व जेम्स डोमेंजो यांच्याकडे होते. संस्थेचा सुरुवातीचा भर शाळांतील प्रमाण फ्रेंचवर होता आणि त्यासाठी परदेशांतून शिक्षक आणले गेले. बाल्फा आणि तरुण अभ्यासक बॅरी ज्याँ आँसले यांनी संगीताचा आग्रह धरला. त्यातून २६ मार्च, १९७४ रोजी लाफायेट येथील ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये केजन संगीताला मानवंदना देणारा कार्यक्रम झाला. फ्रेंचभाषक देशांतून आलेले पत्रकार त्यास उपस्थित होते. एरवी नाचण्यासाठी वापरले जाणारे हे संगीत लोकांनी बसून ऐकावे, अशी रचना हेतुपुरस्सर करण्यात आली होती. सुमारे १२,००० लोक आले. न्यूपोर्टच्या टाळ्या दहा वर्षांनी घरी पोहोचल्या. हाच कार्यक्रम पुढे 'फेस्टिव्हाल अकेडियन' या वार्षिक उत्सवात रूपांतरित झाला.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्फा यांनी शाळाशाळांत जाऊन मुलांना गाणी, गोष्टी आणि फ्रेंच भाषा यांची ओळख करून देण्याचा उपक्रम हाती घेतला. ज्या शाळांनी आधीच्या पिढीला ही भाषा विसरायला लावले होते, त्याच शाळांच्या वर्गांत आता फिडल वाजू लागले. पुढे त्यांनी लाफायेट येथील विद्यापीठातही अध्यापन केले.

आघात आणि अखेरची वर्षे

१९७९ मध्ये विल आणि रॉडनी यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी बाल्फा यांच्या पत्नी हिल्डा यांचे निधन झाले. एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत वाजवणाऱ्या भावंडांचा संच असा अचानक मोडल्यावर बाल्फा खचले. तरीही त्यांनी वादन थांबवले नाही. रॉडनी यांचा मुलगा टोनी, स्वतःच्या मुली आणि तरुण वादक यांना बरोबर घेऊन ते पुन्हा उभे राहिले. मामूचा तरुण अ‍ॅकॉर्डियनवादक स्टीव्ह रायली त्यांच्या सहवासात घडला.

याच काळात केजन संस्कृतीला देशभर अनपेक्षित लोकप्रियता मिळाली. शेफ पॉल प्रुडॉम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला उपाहारगृह सुरू केले आणि १९८० च्या दशकात केजन पदार्थांची लाट आली. दूरदूरच्या शहरांत कोणत्याही तिखट पदार्थाला केजन म्हटले जाऊ लागले. खरा केजन स्वयंपाक तिखटापेक्षा मंद आचेवर, एकाच भांड्यात, अनेकांसाठी शिजवण्यावर आधारलेला आहे. बाल्फा यांनी प्रसिद्धीच्या या काळातही बसीलमधील आपले साधे जीवन सोडले नाही. 'द बिग ईझी' या चित्रपटात त्यांचे दर्शन घडते. कर्करोगाने १७ जून, १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

बाल्फा यांची कन्या क्रिस्टीन बाल्फा यांनी 'बाल्फा तूझूर' हा संच स्थापन केला. 'तूझूर' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'सदैव' असा आहे. त्यांच्याच पुढाकाराने बाल्फा यांच्या नावाने केजन आणि क्रिओल वारसा सप्ताह सुरू झाला. अनेक ठिकाणांहून लोक तेथे येऊन तंबूत, लाकडी केबिनमध्ये किंवा राहण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनांत मुक्काम करतात. दिवसा नामवंत वादकांकडून शिकायचे, एकत्र जेवायचे आणि रात्री झाडांखाली जमून वाजवायचे, असा त्याचा क्रम असतो. घरगुती नृत्यांची जुनी रीत त्यात नव्या रूपात दिसते.

युनिस येथील लिबर्टी थिएटरमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला शनिवार संध्याकाळचा फ्रेंच रेडिओ कार्यक्रम, त्याच गावातील साव्हवा म्युझिक सेंटरमध्ये शनिवारी सकाळी भरणारी वादकांची बैठक आणि मामूचे 'फ्रेड्स लाऊंज' ही ठिकाणे प्रवाशांत प्रसिद्ध झाली. वाटेवरच्या किराणा दुकानांत गरम बूदँ मिळते आणि गिऱ्हाईक ते गाडीत बसूनच खातात. मात्र ही ठिकाणे मुळात पर्यटकांसाठी निर्माण झालेली नाहीत. तेथे नाचणारी वृद्ध जोडपी आणि वाजवणारी शाळकरी मुले त्याच गावांतली असतात. बाल्फा यांनी आयुष्यभर ज्यासाठी श्रम केले ते यश हेच होय.