महर्षी कर्वे आणि त्यांचे विद्यापीठ

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे बालपण समुद्रकाठच्या मुरूड गावात गेले. घरची स्थिती बेताची होती. परंतु शिकण्याची हौस दांडगी होती. सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांसह डोंगर-घाट ओलांडीत पायी साताऱ्यास गेले. तेथे ते वयाने फार लहान दिसतात, एवढ्याच कारणावरून त्यांना परवानगी नाकारण्यात आली. ते हिरमुसले, पण खचले नाहीत. पुढील वर्षी ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. १८८४ मध्ये ते मुंबईस पदवीधर झाले आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

त्या काळी बालविधवांचे जिणे फार कष्टाचे होते. पहिली पत्नी निवर्तल्यावर अण्णासाहेबांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. तरीही १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे पुण्याजवळील हिंगणे येथे एका झोपडीत त्याचे काम सुरू झाले. त्यासाठी ते दारोदार फिरून वर्गणी गोळा करीत आणि पै-पैचा हिशेब ठेवीत.

जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. तिच्यातील विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ च्या जून महिन्यात ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

विद्यापीठ चालवायचे म्हणजे पदोपदी निर्णय घ्यावे लागतात. शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे, कोणते विषय ठेवावेत, कोणास प्रवेश द्यावा, हे सारे प्रश्न अण्णासाहेबांपुढे उभे राहिले. प्रत्येक वेळी ते एकाच कसोटीवर विचार करीत : जी मुलगी आजवर विद्येच्या दारापर्यंत पोहोचलीच नाही, तिचे यात हित आहे काय? त्या काळी उच्च शिक्षण इंग्रजीतून दिले जाई. खालापूर तालुक्यातील साजगावासारख्या खेड्यातील मुलीस ते कसे झेपावे? म्हणून त्यांनी शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. आरोग्य आणि गृहव्यवस्था यांसारखे उपयोगी विषय अभ्यासात घेतले. घर सोडता न येणाऱ्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा दिली. पदवीलाही ‘गृहीतागमा’ असे आपल्या भाषेतील नाव दिले.

इंग्रजी हा विषय मात्र त्यांनी आवश्यक ठेवला. तो ऐच्छिक असावा, असे महात्मा गांधींचे मत होते. अण्णासाहेबांना गांधीजींविषयी नितांत आदर होता. तरीही जगातील नव्या ज्ञानाची वाट मुलींना बंद होऊ नये, म्हणून ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

या विद्यापीठावर आक्षेपही पुष्कळ आले. स्त्रियांना निराळे विद्यापीठ दिल्यास त्यांच्या वाट्यास हलके शिक्षण येईल, असे काही विद्वानांना वाटे. शिवाय त्याच्या पदवीस सरकारची मान्यता नव्हती. ही भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या विद्यापीठात जाऊ शकणाऱ्या मुलीने तेथे खुशाल जावे. परंतु जिला ते शक्य नाही, तिने अशिक्षित राहू नये, एवढाच अण्णासाहेबांचा आग्रह होता. आरंभी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. तरी त्यांनी धीर सोडला नाही.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. विद्यापीठास आपल्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावे, अशी त्यांची अट होती. अण्णासाहेबांनी ती आनंदाने मान्य केली. संस्थेवर स्वतःचे नाव असावे, असा मोह त्यांना कधी शिवलाच नव्हता. पुढे सत्तरी उलटल्यावरही त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे प्रवास करून विद्यापीठाची माहिती दिली व निधी जमविला. खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात, म्हणून १९३६ मध्ये त्यांनी आणखी एक मंडळ स्थापन केले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली. पस्तीस वर्षे वाट पाहिल्यानंतर हा दिवस अण्णासाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब अर्पण केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला.

विद्यापीठाची शोभा त्याच्या इमारतींनी वाढत असेल. त्याची थोरवी मात्र तेथे कोणाकोणासाठी दार उघडे आहे, यावरून ठरते. अण्णासाहेबांनी ते दार सामान्य घरांतील स्त्रियांसाठी उघडले. म्हणूनच महाराष्ट्र त्यांना ‘महर्षी’ म्हणून वंदन करतो.