अँटीव्हायरसच्याच आत लपणारा जंतू आणि हाफकिन नावाचा माणूस

फोनमधला अँटीव्हायरस संशयास्पद फाइल पकडतो, वेगळ्या फोल्डरमध्ये बंद करतो आणि डिलीट करतो. आता समजा, ती फाइल त्या बंद फोल्डरमध्येच बसून स्वतःच्या कॉपी काढायला लागली तर? प्लेगचा जंतू साधारण हेच करतो.

आपल्या ऊतींमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या त्याला गिळतात, एका पिशवीत कोंडतात, पिशवीत आम्ल सोडतात आणि त्याला विरघळवतात. पिसू चावल्यावर आत आलेले प्लेगचे बरेच जंतू असेच गिळले जातात. पण ते पिशवी आम्लयुक्तच होऊ देत नाहीत आणि आत आरामात वाढतात. त्यातच शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत त्यांच्यावर एक गुळगुळीत कवच चढतं. मग पेशी फोडून ते बाहेर येतात, तेव्हा त्यांना गिळणं दुसऱ्या पेशींना जमत नाही. शिवाय सुईसारख्या यंत्रणेने ते या पेशींमध्ये प्रथिनं टोचून त्यांना निकामी करतात. काखेत, जांघेत गाठ येते ती याच लढाईची.

या पेशी जंतू गिळतात हे जगाला सांगितलं इल्या मेचनिकॉव्ह यांनी. त्यांचाच ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०चा, ज्यू घरातला. धर्म बदलल्याशिवाय रशियात प्राध्यापकी मिळणार नव्हती, आणि धर्म बदलायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते देश सोडून पॅरिसला गेले. तिथे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिळालं काय, तर ग्रंथालयातलं काम! त्यातूनच वेळ काढून त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली, १८९२मध्ये ती आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग फुटला. लोक शहर सोडून पळत होते. हाफकिन यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि मोजकी माणसं मिळाली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे, जंतू त्यांना लटकून वाढायचे, मग उष्णतेने ते मारायचे, अशी त्यांची पद्धत. मेलेला जंतू पेशीत लपू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख मात्र पटते. सॉफ्टवेअरच्या भाषेत, व्हायरस न चालवता त्याची सिग्नेचर अपडेट केली.

१० जानेवारी १८९७ला पहिला डोस त्यांनी स्वतः घेतला. ताप आला, अंग दुखलं, पण माणूस ठीक राहिला. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग बराच कमी दिसला. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. लस आणि साथ यांच्यातली शर्यत किती अटीतटीची होती, ते यावरून कळतं.

१९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं. आम्ही इंजिनिअर लोक सर्व्हर पडला की आधी लॉग बघतो. इथेही नोंदी नीट तपासल्यावर चित्र बदललं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. म्हणजे आयुष्यातली उमेदीची पाच वर्षं गेली. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळालीच नाही. पुढची नोकरी त्यांनी कलकत्त्याला केली आणि १९३०मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या हिंगोलीकडे शेतात साप चावला की सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन शोधतात, ते बनवणाऱ्यांमध्येही हाफकिन हे नाव आहे. प्लेगवर आज अँटिबायोटिक्स आहेत आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. त्यामुळे कुठल्याही लसीबद्दल व्हॉट्सॲपवर भीतीदायक फॉरवर्ड आला, तर मुलकोवालची बाटली आठवा. पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारा: चूक लसीत होती की चिमट्यात?