विश्लेषण : निवृत्तीनंतर 33 किलो घटवले, तरीही जिम जेफ्रीज का हरला?

निवृत्त खेळाडूचा पोट सुटलेला फोटो आज दोन मिनिटांत व्हायरल होतो. मोबाइल नव्हते त्या काळातही एका निवृत्त बॉक्सरच्या वजनाची अशीच देशभर चर्चा झाली होती. हा बॉक्सर म्हणजे हेवीवेट गटातील माजी जगज्जेता जेम्स जेफ्रीज, अर्थात जिम जेफ्रीज. वयाच्या 35व्या वर्षी रिंगमध्ये परतण्यासाठी त्याने किमान 33 किलो वजन उतरवले. ते कशासाठी आणि त्याचे पुढे काय झाले?

कोण होता जेफ्रीज?

जन्म 1875चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. लहानपणीच कुटुंब लॉस एंजलिसला आले. तरुणपणी तो बॉयलर बनवण्याच्या कामावर होता आणि अंगात ताकद भरपूर. 1897 मध्ये जगज्जेत्या जिम कॉर्बेटचा सरावातला जोडीदार म्हणून त्याला काम मिळाले. दोनच वर्षांत, 9 जून 1899 रोजी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर बॉब फिट्झसिमन्सला 11व्या फेरीत झोपवून तो स्वतः जगज्जेता झाला. पुढे कॉर्बेटलाही त्याने दोनदा हरवले. ऑगस्ट 1904 मध्ये जॅक मन्रोला दोन फेऱ्यांत गारद केल्यावर त्याला प्रतिस्पर्धीच उरला नाही, अशी चर्चा होती. 1905 मध्ये तो अपराजित असतानाच निवृत्त झाला.

‘प्रतिस्पर्धी उरला नाही’ हे मात्र अर्धसत्य. कारकिर्दीच्या सुरुवातीला तो कृष्णवर्णीय बॉक्सरांशी लढला होता. जगज्जेता झाल्यावर त्याने एकाही कृष्णवर्णीयाला किताबासाठी संधी दिली नाही. जॅक जॉन्सन त्या वेळी दारात उभा होता.

वजन वाढले कसे?

निवृत्तीनंतर त्याने कॅलिफोर्नियातील बरबँक येथे शेती केली. पीक लसूणघासाचे, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचे. आपल्याकडे आखाडा सोडलेल्या पैलवानाचे जे होते तेच त्याचेही झाले. मेहनत थांबली, खुराक तसाच राहिला. भूक ही शरीराची जुनी सवय असते. सराव बंद झाला म्हणून ती लगेच कमी होत नाही. जगज्जेता असताना जेफ्रीजचे वजन साधारण 205 ते 225 पौंडांच्या दरम्यान असे. काही वर्षांत ते 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या पुढे गेले.

तो तिथे सुखी होता. वजन उतरवण्याचे त्याला स्वतःला काही कारण नव्हते.

मग परत का आला?

26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि हेवीवेट किताब पहिल्यांदा कृष्णवर्णीय बॉक्सरकडे गेला. अमेरिकेतील अनेक गोऱ्यांना हे सहन झाले नाही. लेखक जॅक लंडनने सिडनीहून पाठवलेल्या वृत्तांतात जेफ्रीजने शेत सोडून परतावे, असे जाहीर आवाहन केले. इतर वृत्तपत्रांनीही तोच धोशा लावला. एका शेतकऱ्याचे वजन हा वंशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला. सोबत पैसाही होता. आयोजक टेक्स रिकार्ड यांनी लढतीसाठी 1 लाख 1 हजार डॉलरची रक्कम लावली.

33 किलो उतरवले कसे?

1909 मध्ये जेफ्रीज युरोपात कार्ल्सबाड (आजचे कार्लोव्ही व्हारी) येथे खनिज झऱ्यांच्या पाण्याचा उपचार घेण्यासाठी गेला. त्या काळच्या श्रीमंतांचा हा आवडता उपाय. पण झऱ्याच्या पाण्याने चरबी वितळत नाही. खरे काम केले ते नंतरच्या धावण्याने, कुस्तीने आणि डोंगरातल्या चालण्याने. 1910 मध्ये त्याचे सराव शिबिर कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ डोंगरात होते. कुस्तीगीर फार्मर बर्न्स आणि जुना प्रतिस्पर्धी कॉर्बेट सोबतीला होते.

गणित करून पाहू. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे 33 किलोंसाठी अडीच लाखांहून अधिक. दीड वर्षात विभागले तर रोज साधारण 465 कॅलरींची तूट. कठीण, पण अशक्य नाही. अडचण वेगळीच आहे. एवढे वजन उतरताना चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. शिवाय ठोसा येताना दिसणे आणि मान वेळेत वळणे हे धावून परत येत नाही. त्यासाठी रिंगमध्येच उभे राहावे लागते. जेफ्रीज प्रत्यक्ष सरावाच्या फेऱ्या टाळायचा आणि मासेमारीला निघून जायचा, अशा बातम्या तेव्हाच येऊ लागल्या होत्या.

लढतीत काय झाले?

4 जुलै 1910, नेवाडातील रिनो. भर उन्हातली दुपार, हजारोंची गर्दी आणि 45 फेऱ्यांची लढत. जेफ्रीजचे वजन 227 पौंड (सुमारे 103 किलो), जॉन्सनचे 208. शरीर पाहून समर्थक खूश होते. जॉन्सन 32 वर्षांचा होता आणि मधल्या सगळ्या काळात सतत लढत आला होता. जेफ्रीजने खरी लढत देऊन जवळपास सहा वर्षे झाली होती. सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच फरक दिसू लागला. जॉन्सन घाई न करता मारत राहिला. 15व्या फेरीत, कारकिर्दीत कधीही न पडलेला जेफ्रीज खाली कोसळला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. अखेर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली.

त्या रात्री अनेक शहरांत दंगली झाल्या. त्यात अनेक कृष्णवर्णीयांचे जीव गेले. लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली आणि 1912 मध्ये अशा चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला मनाई करणारा कायदाच झाला.

जेफ्रीजच्याच कारकिर्दीतली एक जुनी लढत इथे आठवते. 1898 मध्ये त्याने पीटर जॅक्सन या थोर कृष्णवर्णीय बॉक्सरला तीन फेऱ्यांत हरवले होते. जॅक्सन तेव्हा 36 वर्षांचा, तब्येतीने खचलेला आणि कित्येक वर्षे मोठ्या लढतींपासून दूर होता. जेफ्रीज 22 वर्षांचा होता.

पुढे काय?

रिनोनंतर जेफ्रीज बरबँकला परतला. शेतावरच्या कोठारात त्याने बॉक्सिंगचे सामने भरवायला सुरुवात केली. ‘जेफ्रीज बार्न’ नावाने ते कोठार प्रसिद्ध झाले आणि तिथे नवी पोरे रिंगमध्ये उतरू लागली. 3 मार्च 1953 रोजी बरबँकमध्येच त्याचे निधन झाले. कोठार नंतर तिथून हलवून कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्म येथे नेण्यात आले.