पाण्यापासून शहर उभारणारा मलिक अंबर

नगररचनेचा विचार आपल्याकडे बहुधा रस्त्यांच्या रुंदीपासून सुरू होतो. वस्तीच्या शेवटच्या टोकाला पाणी कसे पोहोचणार, हा प्रश्न मागाहून येतो. चारशे वर्षांपूर्वी नगरच्या निजामशाहीतील एका कर्तबगार पुरुषाने हा क्रम उलटा धरला होता.

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दक्षिणेत येऊन निजामशाहीचा वजीर चंगीझखान याच्या पदरी पडला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्यानेच दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून बुडते राज्य सावरले.

१६१० मध्ये त्याने खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी, नवे शहर वसविले. नगरला निजामशहांनी खापरी नळांनी पाणी आणले होते. ती विद्या अंबराने पुढे नेली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर, भुयारी कालव्यातून व खापरी नळांतून, त्याने शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले. नहर-ए-अंबरी ती हीच. हबशी व मुसलमान सरदारांबरोबर मराठा सरदारही तेथे वसले. मालपुरा, खेलपुरा ही नावे त्यांच्यावरूनच पडली, असे सांगतात.

महसुलातही त्याची हीच दृष्टी दिसते. जमिनीची प्रत व पीक पाहून त्याने सारा ठरविला आणि इजारदारीची पद्धत मोडून रयतेवरील मधल्यांचा जाच कमी केला. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी ते शहर पुन्हा उभे राहिले. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. दोनच वर्षांनी, १६२६ मध्ये, तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

त्याला आधुनिक अर्थाने समतावादी म्हणणे धाडसाचे ठरेल. तो मध्ययुगीन राज्यकर्ता होता आणि पाण्याने राजवाडेही भिजत होते. परंतु सार्वजनिक हौदाचे अर्थशास्त्र खासगी विहिरीहून निराळे असते. ज्याच्यापाशी विहीर खोदण्याची ऐपत नाही, त्यालाही हौदावर घागर भरता येते. आज ऐपतदार कूपनलिका खोदतो, टँकर मागवितो. गरीब मात्र नळाची वाट पाहतो. पाणी विकत घेण्यात त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा जातो, आणि असमान शहराचा हा अदृश्य कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून विकास आराखडा मंजूर करताना नकाशावरील शेवटच्या घरापासून मोजणी सुरू करावी. एकेकाळच्या गुलामाने उभारलेल्या शहराकडून एवढे तरी आपण शिकावयास हवे.