कुमार गंधर्व

कुमार गंधर्व (मूळ नाव : शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म : सुळेभावी, जिल्हा बेळगाव, ८ एप्रिल १९२४, मृत्यू : देवास, मध्य प्रदेश, १२ जानेवारी १९९२) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील गायक, बंदिशकार आणि संगीतचिंतक होते. घराण्याच्या चौकटीबाहेरची स्वतंत्र गायकी, माळव्यातील लोकधुनांवर आधारलेले नवे राग, कबीराच्या निर्गुणी भजनांचे गायन आणि एका विषयाभोवती गुंफलेल्या मैफली यांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या प्रयोगांमुळे मराठी श्रोत्यांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिले. बालगंधर्वांच्या नाट्यपदांवरील ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम आणि त्याची ध्वनिमुद्रिका हे या मतभेदांचे ठळक उदाहरण मानता येते.

सुरुवातीचे जीवन

कुमार गंधर्वांचा जन्म कानडी भाषक लिंगायत कुटुंबात झाला. वडील सिद्धरामय्या यांना गाण्याची आवड होती आणि घरात संगीताचे वातावरण होते. लहान वयातच शिवपुत्राची विलक्षण ग्रहणशक्ती घरच्यांच्या लक्षात आली. त्या काळी गाजलेल्या गायकांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत असे. रामकृष्णबुवा वझे, अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व अशा परस्परांहून अगदी वेगळ्या गायकांच्या लकबी, ताना आणि उच्चार तो हुबेहूब उचलत असे. हे गायन ऐकून एका मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले.

वयाची दहा-बारा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास त्यांचे कार्यक्रम ठिकठिकाणच्या संगीत परिषदांमध्ये होऊ लागले. या बालकलाकाराला मिळणारी दाद मुख्यतः अनुकरणाच्या अचूकतेला होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्या अवधीत बांधलेली मोठ्या गवयांची कलाकृती एक लहान मुलगा जिवंत उभी करतो, याचे श्रोत्यांना आश्चर्य वाटे. प्रौढ वयात कुमारांनी हीच वाट जाणीवपूर्वक सोडली. त्यांच्याविषयीच्या पुढील वादांची पार्श्वभूमी समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

सांगीतिक शिक्षण

१९३० च्या दशकाच्या मध्यावर कुमार मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकण्यासाठी आले. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असलेल्या देवधरांनी मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ ही संस्था चालवली होती. एकाच घराण्याची तालीम शिष्यावर लादण्याऐवजी अनेक घराण्यांच्या गवयांकडील विद्या जमवणे, तिची चिकित्सा करणे आणि आवाजाच्या साधनेचा अभ्यास करणे याकडे देवधरांचा कल होता. त्यांच्या संस्थेत निरनिराळ्या घराण्यांच्या कलावंतांचा राबता असे. अशा वातावरणात कुमारांना तबकडीवरील गाण्यामागचा विचार समजून घेण्याची सवय लागली. अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. काही वर्षांतच ते देवधरांच्या संस्थेत शिकवू लागले आणि तरुण गायक म्हणून त्यांचे नाव देशभर झाले.

आजारपण आणि देवास

१९४७ मध्ये कुमारांचा विवाह त्यांच्या शिष्या भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्यांना क्षयरोग झाल्याचे निष्पन्न झाले. कोरड्या हवेसाठी ते माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, ते देवासला पोहोचले. पुढील सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. एका फुप्फुसाची कार्यक्षमता या आजारात बरीचशी गेली. भानुमतीबाईंनी नोकरी करून संसार आणि शुश्रूषा दोन्ही सांभाळले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध उपलब्ध झाल्यावर प्रकृतीस उतार पडला आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले.

सक्तीच्या मौनाच्या या काळात त्यांचे श्रवण मात्र चालू होते. माळव्यातील स्त्रियांची लग्नातली आणि सणावारांची गाणी, ऋतूंची गाणी, तसेच दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजने त्यांच्या कानावर पडत होती. त्यांपैकी अनेक धुना त्यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांचे स्वरलेखन केले. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या या धुनांमध्ये रागांची बीजे आहेत, अशी त्यांची धारणा होत गेली.

१९६१ मध्ये धाकटे पुत्र यशोवर्धन यांच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. पुढे कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. वसुंधराबाई स्वतः उत्तम गायिका होत्या आणि अनेक मैफलींत त्यांनी कुमारांना साथ केली.

गायकी

कुमार गंधर्वांच्या गायनात बंदिशीला केंद्रस्थान होते. प्रत्येक बंदिश रागाचा एक वेगळा चेहरा दाखवते, म्हणून एकाच रागातील दोन बंदिशी एकाच साच्यात मांडता येत नाहीत, हा विचार त्यांच्या सादरीकरणातून दिसतो. अतिविलंबित लयीत एकेक स्वर घेत तासभर केलेल्या बढतीऐवजी ते मध्यलयीला अधिक पसंती देत. लहान, तुटक वाटणारे स्वरसमूह, अचानक तार षड्जावर झेप, लगेच अगदी हळुवार स्वर, शब्दांचा अर्थपूर्ण उच्चार आणि दोन स्वरसमूहांमधील निःशब्द जागा ही त्यांच्या गायकीची ओळख होती. तानपुरे सुरेल लागण्याविषयी ते अत्यंत काटेकोर होते. वसंत आचरेकर यांची तबल्याची साथ त्यांच्या अनेक मैफलींत असे.

लोकधुनांतून त्यांनी सिद्ध केलेल्या रागांना ‘धुनउगम राग’ असे म्हणतात. मालवती, लगनगंधार, संजारी, मघवा, सहेली तोडी, अहिमोहिनी हे त्यांपैकी काही राग होत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी गांधी मल्हार हा राग बांधला. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा भाग त्यांच्या निधनानंतर आला.

विषयसूत्रावर आधारलेल्या मैफली

एकामागून एक राग गाण्याच्या रूढ पद्धतीऐवजी संपूर्ण मैफल एका सूत्राभोवती बांधण्याचा प्रयोग कुमारांनी सातत्याने केला. ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ हे ऋतूंवरील कार्यक्रम होते. ‘त्रिवेणी’मध्ये कबीर, सूरदास आणि मीरा यांची पदे होती. माळव्याची लोकगीते, ठुमरी-टप्पा-तराणा, तुलसीदास आणि तुकाराम यांवरही त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केले. ‘तांबे गीतरजनी’मध्ये भा. रा. तांबे यांच्या कविता त्यांनी गायल्या. अशा कार्यक्रमांत शास्त्रीय संगीत, लोकसंगीत आणि भावगीत एकाच व्यासपीठावर येत. या प्रकारांची परंपरेने ठरलेली उतरंड त्यामुळे विस्कळीत झाली.

‘मला उमजलेले बालगंधर्व’

बालगंधर्व, म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७), हे मराठी संगीत रंगभूमीवरील सर्वांत लोकप्रिय गायक-नट होते. ‘मानापमान’ (१९११), ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकांतील त्यांची पदे तबकड्यांमुळे घरोघरी पोहोचली होती. नाट्यगृहात ‘वन्स मोअर’ घेत बालगंधर्व हीच पदे दर वेळी निराळ्या तऱ्हेने खुलवीत. ज्यांना नाटके पाहता आली नव्हती त्यांच्या स्मरणात मात्र पदाचे तीन मिनिटांचे तबकडीवरील रूपच पक्के बसले होते. साहजिकच ही पदे पुन्हा गाणाऱ्या कोणत्याही गायकाची तुलना त्या ठरलेल्या रूपाशी होई.

१९६० च्या दशकात कुमार गंधर्वांनी ही पदे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने मैफलीत सादर केली आणि पुढे ती दीर्घ अवधीच्या तबकडीवरही आली. शीर्षकातच प्रयोगाचे स्वरूप स्पष्ट होते. बालपणी बालगंधर्वांची तबकडी जशीच्या तशी गाणाऱ्या कुमारांनी या वेळी नक्कल टाळली. बालगंधर्वांची लय, स्वर लावण्याची पद्धत, शब्द सोडण्याच्या जागा आणि पदामागील रागविचार यांचे आपल्याला झालेले आकलन त्यांनी आपल्या आवाजात मांडले.

रसिकांच्या प्रतिक्रिया

या प्रयोगाविषयी रसिकांमध्ये एकमत नव्हते, आणि मतभेद कुमारांच्या चाहत्यांतही होते. जुन्या नाट्यरसिकांच्या एका वर्गाला त्यात बालगंधर्वांच्या गाण्यातील सहज माधुर्य हरवल्यासारखे वाटले. ऑर्गनच्या भरदार स्वरावर तरंगणारा, रेंगाळणारा तो आवाज त्यांना हवा होता. कुमारांचे गाणे त्यांना चिंतनाच्या भाराने जड, अनावश्यक विश्लेषण करणारे वाटले. ख्यालगायक म्हणून कुमारांना मानणाऱ्या काही श्रोत्यांचा आक्षेप वेगळाच होता. एवढ्या ताकदीच्या गायकाने नाट्यपदांत आणि भजनांत शक्ती का खर्चावी, असे त्यांना वाटे.

दुसऱ्या बाजूच्या श्रोत्यांना याच प्रयोगामुळे बालगंधर्वांची थोरवी नव्याने कळली. लाडिक उच्चार, हरकती आणि भावविवशता यांमुळे केवळ लोकप्रिय म्हणून बाजूला ठेवलेल्या गायनामागे लयीचा आणि रागाचा किती सूक्ष्म विचार आहे, हे कुमारांच्या मांडणीतून दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या पिढीने बालगंधर्वांना रंगभूमीवर पाहिले नव्हते, तिच्यासाठी ही मांडणी बालगंधर्वांच्या मूळ तबकड्यांकडे नेणारी वाट ठरली.

हा वाद एका तबकडीपुरता नव्हता. नाट्यसंगीताचेच रूप त्या काळात बदलत होते. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांना दिलेल्या संगीतातून नव्या वळणाची पदे लोकप्रिय झाली होती. मात्र नव्या नाटकाची नवी चाल स्वीकारणे श्रोत्यांना तुलनेने सोपे होते. कुमारांनी हात घातला तो लोकांच्या स्मृतीत स्थिरावलेल्या जुन्या पदांना, त्यामुळे त्यांच्या प्रयोगाला मिळालेला प्रतिसाद अधिक तीव्र होता.

कुमारांच्या एकूण गायकीवरही असेच आक्षेप घेतले गेले. घराण्याची शिस्त मोडणे, प्रचलित रागांची रूपे बदलणे, विलंबित ख्यालाची क्रमवार बढत टाळणे आणि लोकधुनांना रागाचा दर्जा देणे हे त्यांतील प्रमुख मुद्दे होते. लहान स्वरसमूहांची त्यांची शैली ही अधू फुप्फुसामुळे आलेली मर्यादा असल्याचे मत वारंवार मांडले गेले. समर्थकांनी याला उत्तर देताना त्यांच्या गाण्यातील विरामांची योजना, बंदिशीचा विचार आणि आजाराच्या आधीच देवधरांकडे झालेली चिकित्सक जडणघडण यांकडे लक्ष वेधले. आजाराने श्वासाला मर्यादा घातल्या हे खरे असले तरी त्या मर्यादेतून घडलेली शैली संगीतविचाराशिवाय उभी राहिली नसती, असे या बाजूचे प्रतिपादन होते.

पु. ल. देशपांडे हे कुमारांचे स्नेही आणि चाहते होते. ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथाचे लेखक वामनराव देशपांडे यांचाही त्यांच्याशी निकटचा संबंध होता. घराण्यांच्या सौंदर्यदृष्टीची मांडणी करणारा समीक्षक आणि घराण्याची चौकट नाकारणारा गायक यांच्या या स्नेहामुळे मराठीतील संगीतचर्चेला एक वेगळी दिशा मिळाली.

निर्गुणी भजने

देवासच्या परिसरात ऐकलेल्या नाथपंथी भजनांतून कुमारांनी कबीर आणि गोरखनाथ यांच्या निर्गुणी पदांचे गायन सिद्ध केले. दूरवर फेकलेला स्वर, साधी चाल आणि रिकाम्या जागांचा वापर यांमुळे या गायनात एकांताचा अनुभव येतो. रूढ भजनापेक्षा हे गायन बरेच निराळे असूनही त्याला व्यापक लोकप्रियता मिळाली. शास्त्रीय संगीताचा परिचय नसलेले अनेक श्रोते या भजनांमुळे कुमारांच्या गाण्याकडे वळले.

पुरस्कार आणि सन्मान

कुमार गंधर्वांना १९७४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. २०१४ मध्ये भारतीय टपाल खात्याने प्रसिद्ध संगीतकारांवरील तिकिटांच्या मालिकेत त्यांच्यावर तिकीट काढले. बेळगावातील एका रंगमंदिराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

निधन आणि वारसा

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथील ‘भानुकुल’ या निवासस्थानी कुमार गंधर्वांचे निधन झाले. पुत्र मुकुल शिवपुत्र, कन्या कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश कोमकली यांनी गायनाचा वारसा पुढे चालवला. सत्यशील देशपांडे, विजय सरदेशमुख आणि मधुप मुद्गल हे त्यांचे उल्लेखनीय शिष्य होत. हिंदी कवी अशोक वाजपेयी यांनी त्यांच्यावर ‘बहुरि अकेला’ हा कवितासंग्रह लिहिला, तर जब्बार पटेल यांनी ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला.

त्यांच्या हयातीत वादग्रस्त ठरलेल्या अनेक गोष्टी आज रूढ झाल्या आहेत. एका सूत्रावर बांधलेल्या मैफली, ख्यालाच्या मैफलीत निर्गुणी भजन आणि जुन्या नाट्यपदांची स्वतंत्र मांडणी यांना आता श्रोत्यांची सहज मान्यता मिळते. कुमारांच्या गायनाचे बाह्य अनुकरण करणारेही पुष्कळ झाले. मात्र अनुकरणापासून दूर जाणे हाच त्यांच्या प्रौढ गायकीचा गाभा होता. त्यामुळे त्यांचा वारसा शैलीत शोधावा की विचारपद्धतीत, या प्रश्नावर अभ्यासकांत चर्चा चालू असते.